पिंपळझरीचा माणूस

नागभीड जंक्शन, १२ जून १९५६

लालसू,

तुझा पत्ता परवा मिळाला. आमच्या गावचा कोलू तीन महिने भिलाईला काम करून धानाच्या हंगामासाठी परत आला. पार्सल ऑफिससमोर बिडी ओढत बसला होता. बोलता बोलता म्हणाला, "तिथी आलापल्लीकडला एक माडिया गडी हाय. दाराच्या चौकटीले डोकं लागते त्याचं. काम सुटलं का चेंडू खेळते." मी विचारलं, कोणत्या हातानं टाकते? म्हणाला, "दोन्ही." मग दुसरं कोण असणार.

पत्र तुझ्या मुकादमाच्या नावे धाडतो आहे. कोलू सांगतो की आलेली पत्रं त्याचा मुनशी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचतो. तेव्हा सगळ्यांनी ऐकलं तरी चालेल एवढंच लिहितो.

आपली गाठ पडून दीड वर्ष झालं. चांद्याची बास्केटबॉलची फायनल संपल्यावर तू आणि बुधरी संघाच्या ट्रकमध्ये चढलात आणि मी स्टेशनकडे गेलो, तेवढंच शेवटचं. पिंपळझरी कोलियरीच्या मालकानं संघ मोडला आणि तुम्हा सगळ्यांना कामावरून काढलं, हे मला आठ दिवसांनी कळलं. मी आलो तेव्हा तुझ्या खोलीला कुलूप होतं. बुधरी गेल्याचं तर पावसाळ्यात कळलं. तुमचा संसार पुरता चार वर्षांचाही नव्हता. तेव्हाच पत्र लिहायला पाहिजे होतं. पत्ता नव्हता, हे खरं. शोधला नव्हता, हेही खरं.

माझं म्हणशील तर मी पार्सलवरच आहे. कमळा बरी आहे. रविवारी मी घरात दिसतो याची तिला अजून सवय झालेली नाही. सहा वर्षं दर रविवारी सकाळच्या छोट्या गाडीनं मी चांद्याकडे, पिंपळझरीला, जायचो. आता आंघोळ करून अंगणात बसतो. ती विचारते, "आज बी नाई जात काय?" कुठे जाऊ, ते ती सांगत नाही.

प्रकृतीला जप.

डोमा


नागभीड, ४ नोव्हेंबर १९५६

लालसू,

उत्तर आलं नाही. आलंच पाहिजे असं नाही. मुनशीकडून लिहून घ्यावं लागत असेल, तर माणूस टाळतो.

तीन दिवसांपूर्वी आपला मुलूख मुंबई राज्यात गेला. स्टेशनमास्तरांनी सांगितलं. बाकी गाड्या त्याच वेळी सुटतात.

मागल्या रविवारी पिंपळझरीला जाऊन आलो. मैदानात गवत वाढलं आहे. एका बाजूचा खांब उभा आहे, त्याला फळी नाही, कडंही नाही. दुसरा खांब कोणीतरी नेला. चाळीच्या मागे एका गोठ्याच्या दाराला ती फळी लावलेली दिसली. पांढरा चौकोन अजून पुसलेला नाही. मी थोडा वेळ उभा राहिलो तर आतून बाई आली. "काय पाह्यजे?" म्हणाली. मी म्हटलं, काही नाही.

मी तुमच्यात कसा आलो, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. एकोणपन्नास साली कलकत्त्याहून आलेलं एक पार्सल चुकून नागभीडला उतरलं. खोका फुटलेला होता आणि आत दोन मोठे तपकिरी कातडी चेंडू. पत्ता पिंपळझरी कोलियरीचा. मी असा चेंडू पाहिलाच नव्हता. नियमानं दुसऱ्या गाडीनं रवाना करायचे, पण रविवार होता, मी ते स्वतःच घेऊन गेलो. मालकानं पगारावर दहा गडी खेळायलाच ठेवले आहेत, हे तिथे कळलं. मला वाटलं, थट्टा करताहेत. मग ते खेळले. त्या दिवशी माझी परतीची गाडी चुकली, आणि नोकरीत ती एकच.

मी संघात नव्हतो, कोलियरीतही नव्हतो. मैदानात चुन्याच्या फक्कीनं रेषा ओढायचो. कोणी किती पाइंट केले ते वहीत लिहायचो. रेल्वेचं घड्याळ माझ्याजवळ होतं म्हणून वेळ धरायचं काम माझ्याकडे आलं. तुमचा एक-एक माणूस कोणत्या पायावर वळतो, ते मला डोळे मिटून सांगता आलं असतं. कमळाची आवडती भाजी कोणती, हे मात्र मी परवा विचारलं.

तू एकावन्नमध्ये आलास. खाणीच्या इंजिनियरनं तुला आलापल्लीच्या डेपोत सागाचे लठ्ठे उचलताना पाहिलं होतं. पहिल्या दिवशी तुझ्या हातात चेंडू दिला तर तू तो छातीशी धरून उभाच राहिलास. तुमच्या संघातला मुखरू ओरडतो आहे, "अबे, दे ना इकडं!" आणि तू म्हणतोस, "काऊन देऊ? मले देल्ला ना!" सगळे हसले. सहा महिन्यांनी तुझ्याकडे चेंडू आला की समोरचे हसत नव्हते.

चांद्याच्या फायनलबद्दल लिहायचं होतं. पण मुनशी वाचणार. राहू दे.

डोमा


आलापल्ली, २० मार्च १९५७

लालसू,

चार दिवस रजा काढून इथे आलो आहे. फॉरेस्टच्या लॉरीत जागा मिळाली. तुझ्या सासूला भेटलो. मंगलीबाई झाडाखाली मोहफुलं वेचत होती. मी जरा लांब उभा राहिलो.

"कोन?" तिनं मान न उचलता विचारलं.

"नागभीडचा डोमा. लालसूच्या टीमसंगं राह्यचो."

"घडीवाला?"

मी हो म्हटलं. ती आणखी थोडा वेळ वेचत राहिली. मग टोपली उचलून घरी घेऊन गेली, पाणी दिलं. जे सांगितलं, ते तुला माहीतच आहे. तरी मी ऐकलं तसं लिहितो.

कोलियरीच्या दवाखान्यात बुधरीच्या छातीच्या क्षयावर सुया सुरू होत्या. डॉक्टरनं सांगितलं होतं की खंड पडू द्यायचा नाही. तिचा ताप उतरला होता आणि ती भाकर खाऊ लागली होती. मग तुझी नोकरी गेली, खोली गेली, आणि दवाखाना फक्त कामगारांचा. तू तिला इथे आणलंस. इथे त्या सुया नव्हत्या. तू चांद्याला दोन खेपा पायी गेलास, एकदा मिळाल्या, एकदा नाही. मे महिन्यात ती गेली.

"त्या खेळापायी गेली माही पोरगी," मंगलीबाई म्हणाली. आवाज चढवला नाही. "तिचं म्हननं अलग होतं. ते पोरगी तुमचं नाव घे."

मी विचारलं नाही, काय म्हणायची. विचारायला हवं होतं. लॉरीचा वेळ झाला होता, असं मी तेव्हा मनाशी धरलं. लॉरी दोन तासांनी सुटली.

हे पत्र सगळ्यांसमोर वाचलं जाईल. क्षमा कर, पण हे लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

डोमा


नागभीड, ९ ऑगस्ट १९५८

लालसू,

तुझं कार्ड काल मिळालं. ते आमच्याच डाकेच्या थैलीतून निघालं, मीच काढलं. "डोमाभाऊ, आता मी वाचतो. मुनशी नाई. लिहा." एवढंच. प्रत्येक अक्षर सुटं उभं आहे. दोन वर्षांत तू अक्षरं शिकलास. मला दोन वर्षांत एक पत्र धड लिहिता आलं नाही.

आता लिहितो. मुनशीची सबब गेली.

फायनलच्या आधी, मी वेळ धरायला बसलो होतो त्या टेबलाशी नागपूरवाल्यांचा कॅप्टन आला. तुम्ही लोक तेव्हा चेंडू टाकून पाहत होतात. तो रेफरीला म्हणाला, "घडी याच्या हातात? हा तर पिंपळझरीचा माणूस हाय." रेफरीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "साहेब, घडी रेल्वेची हाय. ते कोनाची नाई." टेबलावरचे हसले. कॅप्टनही हसला आणि गेला. माझे कान मात्र तापले ते थंड झाले नाहीत. सगळा वेळ मी स्वतःशी म्हणत होतो, दाखवतोच यांना.

तुला पाठ असेल. बेचाळीस-एक्केचाळीस, ते पुढे. डाव्या हातात घड्याळ, उजव्या हातात घंटेची हातोडी. शेवटच्या मिनिटात मान वर करायची नाही, हा मीच मला घालून दिलेला नियम. सहा वर्षं पाळला. बारा सेकंद राहिले होते तेव्हा मुखरूनं चेंडू हिसकावला आणि लोक उठले. मी मान वर केली.

चेंडू तुझ्याकडे आला होता. तू एकाला डावीकडून काढलंस. दुसऱ्यापुढे टप्पा घेतलास आणि थांबलास. तो हवेत गेला, तू खालीच. तो उतरू लागला तेव्हा तू टाकलास. कड्याला न लागता आत गेला. मी पाहिलेल्या सगळ्या खेळांत इतकं नीट काही पाहिलं नाही.

मग मी घड्याळ पाहिलं. वेळ संपून चार सेकंद झाले होते. घंटा वाजवायची राहिली होती.

चेंडू तुझ्या हातातून सुटला तेव्हा काटा कुठे होता, मला माहीत नाही, लालसू. तेव्हाही माहीत नव्हतं, आजही नाही. वेळेत असेल. नसेल. ज्यानं पाहायचं तो तुला पाहत होता.

रेफरी धावत आला. "टाइमकीपर, वेळ?"

मी म्हटलं, "संपली होती."

"बास्केटच्या आधी?"

"आधी. हातातून सुटायच्या आधी."

"मंग घंटा काऊन नाई वाजवली?"

"वाजवली, साहेब. गलक्यात ऐकू नाई गेली."

घंटा मी वाजवली नव्हती. हातोडी माझ्या मांडीवर पडली होती. रेफरीनं हात हलवून बास्केट रद्द केली. नागपूरचा कॅप्टन माझ्याकडे आला, हात मिळवला आणि म्हणाला, "मानलं तुमाले." मला त्या क्षणी बरं वाटलं. हे लिहायला सगळ्यात जड जातं आहे.

मी पुष्कळ विचार केला आहे. "मला माहीत नाही" म्हणालो असतो, तर रेफरीनं शेवटचं मिनिट पुन्हा खेळवलं असतं. चांद्याच्या सामन्यांचा नियम तसाच आहे. पण मग तो कॅप्टन म्हणाला असता, पाहा, पिंपळझरीचा माणूस. ज्याला संघाचं काही घेणंदेणं नाही असा माणूस तिथे बसला असता, तर त्याला खरं बोलायला काहीच अडचण नव्हती.

मालक म्हणालेच होते, यंदा हरले तर संघ बंद. ते मला माहीत होतं. बुधरीच्या सुया माहीत नव्हत्या. माहीत असत्या तर वेगळं बोललो असतो, असं म्हणणार नाही. त्या वेळी मला फक्त त्या कॅप्टनचं तोंड दिसत होतं.

उत्तर देऊ नये वाटलं, तर देऊ नकोस.

डोमा


नागभीड, २९ डिसेंबर १९५८

लालसू,

तुझं पत्र ऑक्टोबरात आलं. ते मी रोज वाचतो. काही ओळी इथे उतरवतो, म्हणजे मी त्या बरोबर समजलो की नाही ते तुला कळेल.

"मले मालूम होतं. बुधरी बायायच्या बाजूनं बसली होती, तुमच्या बराबर समोर. ट्रकमधी तिनं सांगतलं, डोमाभाऊनं घडी नाई पाह्यली, तुले पाह्यलं. घंटा मारलीच नाई. मी म्हनलं, चूप राह्य, ते माणूस झूट नाई बोलत. मंग तुमचे पत्र आले तं त्यात ते गोष्टच नाई. मी समजलो का बुधरी खरी होती. मुनशीपायी तुमी लिहत नाई, हे बी समजलं. म्हनून वाचाले शिकलो."

आणि त्याखाली: "राग नाई असं नाई. हाय. बुधरी तुमच्यानं गेली का मालकानं गेली का रोगानं गेली, ते मले नाई सांगता येत. पन ज्या मैदानात तुमी बोलले, त्याच मैदानात ते वापस घ्या. लोकायसमोर. मंग मले लिहा."

काल घेतलं. झालं ते असं.

चांद्याला यंदाचे सामने सुरू आहेत. सेक्रेटरी नवीन आहे. त्याला मी दुपारी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "चार साल झाले भाऊ, आता काय?" मी म्हटलं, दोन मिनिटं द्या. हाफटाइमला त्यानं भोंगा माझ्या हातात दिला. तीन-चारशे लोक असतील. काही चहाकडे चालले होते.

मी म्हटलं, "मी डोमा, नागभीडचा. पंचावन्नच्या फायनलमधी घडी माह्याजवळ होती. पिंपळझरीची शेवटची बास्केट मी रद्द करवली. मी घडी पाह्यली नव्हती. घंटा बी वाजवली नव्हती. मी झूट बोललो. लालसूची बास्केट वेळेत होती का नाई, ते मले मालूम नाई."

मागून कोणीतरी ओरडलं, "आवाज!" मी पुन्हा पहिल्यापासून बोललो. कोणी विचारलं, "कोनती मॅच म्हनते हा?" थोडे हसले. सेक्रेटरीनं हात पुढे केला, मी भोंगा परत दिला. मला वाटलं होतं, दगड येतील. काही आलं नाही.

नागपूरचा तो कॅप्टन आता त्यांचा मॅनेजर आहे. तो आला. पोट सुटलं आहे. म्हणाला, "तो कप आमच्या क्लबच्या कपाटात हाय. काय करू आता त्याचं?" जाता जाता म्हणाला, "तुमी तवा 'माहीत नाई' म्हनले असते ना, तं मी मैदान डोक्यावर घेतलं असतं. आन् मंग खेळलो असतो."

मुखरू तिथे होता, हे मला माहीत नव्हतं. संघ मोडल्यावर वर्षभरानं त्याला खाणीत परत घेतलं, पण आत उतरायला. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली आहेत. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी रामराम केला.

"भाऊ," तो म्हणाला, "हे तवाच सांगतलं असतं तं ते मिनिट परत खेळलो असतो ना आपन?"

मी म्हटलं, "हो."

"जिंकलो असतो?"

"माहीत नाई."

"आता बरं म्हनता माहीत नाई." मग म्हणाला, "माह्या घरी येत नका जाऊ," आणि गेला.

मी स्टेशनवर आलो. गाडीला तीन तास होते. बाकावर बसून राहिलो. हलकं वाटेल असं लोक म्हणतात. तसं काही झालं नाही. पण तू सांगितलेलं केलं आहे, आणि कमीजास्त न करता लिहिलं आहे.

डोमा


नागभीड, १८ जानेवारी १९५९

लालसू,

कार्ड मिळालं. तू लिहितोस, "केलं ते केलं. मुखरूचं मी पाहीन. पन त्या दिवशीची मॅच कोन जिंकलं ते तुमी लिहलंच नाई. असं कवा झालं नाई."

मला माहीतच नव्हतं. हाफटाइमलाच निघून आलो होतो, आणि नंतरही कोणाला विचारावं असं सुचलं नाही. काल मुद्दाम चांद्याला गेलो. बल्लारशाचे जिंकले, बावन्न-सत्तेचाळीस. शेवटच्या पाच मिनिटांत सलग आठ पाइंट केले म्हणतात. हे ऐकताना मी सांगणाऱ्या माणसाला विचारलं, कोणी केले, कुठून टाकले, फाउल किती होते. तो म्हणाला, "तुमी होते ना तिथी?"

तुमची तिथे टीम झाली हे वाचलं. तू आता कमी पळतोस, उभ्यानंच टाकतोस, हेही वाचलं. पुढल्या महिन्याच्या पहिल्या रविवारी दुर्गवाल्यांशी सामना आहे आणि "पाहाचं असन तं या" असं तू शेवटी लिहिलं आहेस. या एका ओळीला तुला किती दिवस लागले असतील, ते मी विचारणार नाही.

पास मंजूर झाला आहे. गोंदियाला गाडी बदलून दुर्ग, तिथून भिलाई. टेबलाजवळ बसणार नाही. लोकांत बसेन.

कमळा येते म्हणाली. मी चकित झालो. दहा वर्षांत तिनं एकही सामना पाहिलेला नाही, कारण मी तिला कधी चल म्हटलंच नाही. काल ती विचारत होती, "तिथी बायायनं बसाचं कुठी? आन् वरडाचं काय असते?"

मी म्हटलं, फार काही नाही. दोनच शब्द पुरे आहेत: लालसू, टाक.

तिनं चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणून पाहिलं. अजून फार हळू म्हणते.

डोमा